भात निवेपर्यंत

बदलापूर स्टेशनच्या पूर्वेला जांभळं आली आहेत. पळसाच्या पानांचे द्रोण, वर ओलं फडकं आणि मागे उकिडव्या बसलेल्या बायका. ज्या बाईकडून आम्ही दरवर्षी घेतो, तिने मला लांबूनच ओळखलं.

"घे गं बाय, आताच झाडावरून उतरवलीत," ती म्हणाली. मग माझ्या मागे बघून म्हणाली, "आन् दादा कुठं? दरसाली दोघंच येता ना?"

"नाही आले," मी म्हटलं. हे काही खोटं नव्हतं.

"बरं," असं म्हणून तिने मूठभर जांभळं वरून घातली. मी घरी आले, द्रोण फ्रिजमध्ये ठेवला आणि दार लावलं. तो अजून तिथेच आहे. दूध काढताना दिसतो.

दादा म्हणजे सुधीर, माझा नवरा. तो पौषात गेला. सकाळी दाढी करत होता, अर्धी झाली होती, एका गालाला साबण तसाच होता. डॉक्टर म्हणाले, फार त्रास झाला नसेल. मी "बरं" म्हटलं. तेव्हापासून मी बहुतेक गोष्टींना बरंच म्हणते. मला रडू आलेलं नाही. भेटायला आलेल्या बायकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, त्या रडल्या, मी त्यांना पाणी आणून दिलं. एक जण तर जाताना म्हणाली, "खंबीर आहात हो." मी खंबीर वगैरे नाही. दाताला भूल दिल्यावर गाल जसा होतो, आहे पण आपला वाटत नाही, तशी मी सगळीच झाले आहे. भूल उतरेल म्हणून वाट पाहिली, आता वैशाख संपत आला. ती कधीच उतरणार नाही, याची मात्र भीती वाटते. एवढी एकच गोष्ट वाटते.

आम्ही दोघं अंबरनाथच्या एकाच कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवत होतो. मी अजून शिकवते. गेल्या आठवड्यात प्राचार्य मॅडमचा फोन आला. नवीन लॅबला सुधीरचं नाव द्यायचं ठरलं आहे.

"भिंतीवर सरांचा फोटो लावू आणि खाली त्यांच्या रिसर्चबद्दल अर्धं पान. तुमच्याइतकं कोण लिहिणार मॅडम? सोमवारपर्यंत द्याल?"

"बरं."

"आणि मागच्या खोलीतली जुनी मशिनं शनिवारी भंगारात जातील हं. जागाच नाही हो कुठे."

"बरं," मी म्हटलं.

अर्धं पान. मी एक वाक्य लिहिलं: 'डॉ. सुधीर यांनी समांतर संगणन आणि मॅट्रिक्सचे अल्गोरिदम या विषयांत मूलगामी संशोधन केले.' मग मूलगामी खोडलं, कारण तो असता तर हसला असता. उरलेलं वाक्य कोणाच्याही फोटोखाली चालेल असं होतं. पुढचं वाक्य काही येईना. ज्या माणसाबरोबर शोधनिबंध लिहिण्यात उमर गेली, त्याच्याबद्दल अर्धं पान लिहायचं तर नमनालाच घडाभर तेल जात होतं.

सुधीर पहिल्या तासाला मुलांना लग्नघर सांगायचा. लग्नघरात गल्लीभरच्या बायका पोळ्या लाटायला बसल्या, पण तवा एकच असला, तर त्या बायकांचा उपयोग काय? मुलं हसायची. मग तो फळ्यावर आकड्यांची एक मोठी चौकट काढायचा, आडव्या ओळी, उभे रकाने. ही मॅट्रिक्स. पूल किती वाकेल, ढग उद्या कुठे जाईल, सगळी गणितं शेवटी असल्या चौकटींवर येऊन बसतात. चौकट फार मोठी झाली की एका यंत्राचा जन्म पुरत नाही. मग तिचे तुकडे करून अनेक यंत्रांना वाटायचे. सगळ्यांनी एकाच वेळी आपापला तुकडा करायचा, आपलं उत्तर दुसऱ्याला द्यायचं, त्याचं आपण घ्यायचं आणि पुढच्या फेरीला लागायचं. ग्यानबाची मेख इथेच आहे. ज्याचं आधी झालं, त्याने सगळ्यांचं होईपर्यंत थांबायचं असतं. "पंगतीत कसं," सुधीर म्हणायचा, "सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय पहिला घास कोणी घेतो का?"

पुस्तकात त्या थांब्याला बॅरियर म्हणतात. आमच्या प्रोग्रॅममध्ये त्याचं नाव पंगतच होतं. इंग्रजी अक्षरांत, पण पंगत.

घरातही आमची पंगत दोघांचीच होती, पुढे आमची मुलगी जुई आली तेव्हा तिघांची. एकाला उशीर झाला तर दुसरा जेवायचा नाही. कोणी तसा नियम केला नव्हता. लग्नानंतर आम्ही विठ्ठलवाडीला एका खोलीत राहायचो, तेव्हाच ती सवय पडून गेली. माझा क्लास उशिरा सुटायचा आणि घरी आल्यावर हा भातावर ताट झाकून पेपर तपासत बसलेला असायचा. मी चिडायचे. "जेवून घ्यायचं ना, पोटात कावळे ओरडतायत तुझ्या, मला इथे ऐकू येतात." तो म्हणायचा, "अजून निवला नाही भात." तो निवलेला असायचा. पण आमच्या घरात भात किती निवला हे सुधीर ठरवायचा.

माझ्या डोक्यात सध्या जो मे महिना फिरतो आहे, तो जुई शाळेत जायला लागली त्या वर्षीचा. सुट्टीत ती डोंबिवलीला आत्याकडे गेली होती. कॉलेज रिकामं. समांतर संगणनावर संशोधन करायचं तर पुष्कळ यंत्रं लागतात, आणि आमच्याकडे होतं सुधीरचं एक आणि माझं अर्धं, कारण माझं निम्मा दिवस बंदच असायचं. मग सुधीर उल्हासनगरला गेला. मुंबईतली मोठी ऑफिसं कॉम्प्युटर टाकून देतात, ते आधी उल्हासनगरला येतात आणि तिथून त्यांचा पुनर्जन्म होतो. होतूभाईंचा गाळा अशा यंत्रांनी छतापर्यंत भरलेला होता.

"साईं, माल एकदम टकाटक," होतूभाई म्हणाले होते. "डबा जुना हाय, अंदरसे नवरदेव."

ते नवरदेव टेम्पोतून वरात निघावी तसे अंबरनाथला आले. कॉलेजने जिन्यामागची एक खोली दिली. पश्चिमेची खिडकी, वर पत्रा, आणि आनंदनगरच्या कारखान्यांकडून वारा सुटला की गोडसर, घशाला चिकटणारा वास. खिडकीला ओलं गोणपाट लावलं. टेबलफॅन होते ते सगळे यंत्रांकडे वळवले. आम्ही घामाने निथळत होतो आणि नवरदेव वारा खात होते.

आमचा आठवडा शनिवारी सुरू व्हायचा. इथे कारखान्यांची सुट्टी शुक्रवारची, म्हणून दुरुस्तीसाठी लाईटही शुक्रवारीच घालवतात. बाहेरच्या माणसाला रविवार माहीत असतो, आम्हाला शुक्रवार. शनिवारी सकाळी गणित लावून द्यायचं, ते गुरुवारपर्यंत चालायचं, शुक्रवारी सगळं अंधारात. मुंबईतल्या एका प्राध्यापकांनी सुधीरला विचारलं होतं की तुमची सगळी गणितं बरोबर एवढ्याच लांबीची कशी. सुधीरने त्यांना लाईटचं सांगितलं, त्यांना ती थट्टा वाटली.

त्या मे महिन्यातलं शेवटचं गणित सगळ्यात मोठं होतं. ते झालं तर निबंध पूर्ण, नाहीतर परिषदेची तारीख हुकणार. शनिवारी लावलं. पडदा एकाच यंत्राला जोडलेला होता, त्यावर प्रत्येक यंत्र किती कामात आहे ते दिसायचं. सगळी पुरेपूर कामात. पंखे घरघरत होते, खोली भट्टी झाली होती. कोपऱ्यातल्या एका यंत्राचा आकडा जागचा हलत नव्हता, पण तोही पूर्णावरच अडकलेला होता, त्यामुळे कोणाला शंका येणार? सुधीर सकाळी आला की एकेका डब्यावर तळहात ठेवायचा, पोराचा ताप बघतात तसा. "तापलंय," म्हणायचा. "म्हणजे चाललंय."

आम्ही दाराबाहेर पायरीवर बसून जांभळं खायचो. द्रोण मधे, बिया समोरच्या मातीत. मग तो म्हणायचा, "जीभ दाखव." मी दाखवायचे. तो दाखवायचा. त्याची नेहमी जास्त जांभळी, कारण द्रोण त्याच्या बाजूला सरकलेला असायचा. डॉक्टरेट झालेला माणूस, एका मुलीचा बाप, कॉलेजच्या पायरीवर जीभ काढून बसलेला. त्या आठवड्यात आम्ही फार सुखात होतो, हे मी आज सांगू शकते. तेव्हाही माहीत होतं.

शुक्रवारी लाईट गेली, संध्याकाळी आली. यंत्रं चालू केली तर कोपऱ्यातलं एक नुसतं कण्हल्यासारखं बीप बीप करत राहिलं. त्याची मेमरी गेली होती. सुधीरने आठवड्याची नोंद उघडून वाचली आणि खाली बसला. ते यंत्र शनिवारीच गोठलं होतं, आम्ही खोलीतून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात. दिवा लागलेला, पंखा फिरतोय, पण आत कोणी नाही. आणि बाकीची सगळी पहिल्याच पंगतीला त्याची वाट पाहत थांबलेली.

मग ती तापली कशी? तर वाट पाहणारं यंत्र झोपत नाही. निदान आमचं झोपायचं नाही. ते एकसारखं विचारत राहतं, आला का, आला का, आला का. श्वास घ्यायलाही थांबत नाही. त्याला त्यात पूर्ण ताकद लागते. पडद्यावर ते पुरेपूर कामात दिसतं. आठवडाभर ती यंत्रं जीव तोडून राबत होती आणि एक आकडाही पुढे सरकला नव्हता. साधी मजूर माणसं असती तर पहिल्याच तासाला कोणीतरी कोपऱ्यातल्याला ढोसलं असतं. आम्ही शिकलेली, आम्ही ताप बघत बसलो.

मी हातातला द्रोण भिंतीवर फेकला. माझा स्वभावच तसा, रागाचा पारा आधी चढतो, अक्कल मागून येते. भिंतीवर मोठा जांभळा डाग उमटला आणि खाली ओघळला. सुधीर डागाकडे बघून म्हणाला, "हा आता जाणार नाही." परिषदेची तारीख त्या वर्षी हुकलीच.

पण पुढे त्याचं जे काही नाव झालं, ते त्या मेलेल्या यंत्रामुळे. आम्ही आधी बेरजेची ओळ घातली. चौकटीखाली एक जास्तीची ओळ ठेवायची, तिच्यात वरच्या सगळ्या ओळींची बेरीज. मधली एखादी ओळ गेली तर बेरजेतून उरलेल्या वजा करायच्या, गेलेली परत मिळते. ही युक्ती जगात आधीपासून होती. आमचं भांडण दुसऱ्या गोष्टीवरून होतं. एखादं यंत्र गप्प झालं तर बाकीच्यांनी किती थांबायचं? ते मेलं असेल किंवा नुसतं संथ असेल. लवकर मेलं म्हटलं आणि ते जिवंत निघालं तर सगळा घोळ. उशीर केला तर सगळ्यांचा वेळ मातीत.

मी म्हणायचे, थोडंसं थांबा आणि पुढे व्हा. सुधीर म्हणायचा, "तू फार लवकर माणसाला मेलेलं ठरवतेस."

"माणूस नाही रे ते, डबा आहे."

"तरी. थांब ना थोडं."

"मग किती थांबायचं ते तूच सांग. कायमचं?"

आम्ही तेव्हा घरी जेवायलाच बसत होतो. "भात निवेपर्यंत," तो म्हणाला. "गरम आहे तोवर थांबायचं. निवला की वाढून घ्यायचं, आणि जो आला नाही त्याचं काम सगळ्यांनी वाटून घ्यायचं."

त्याने ती मुदत प्रोग्रॅममध्ये घातली. कधी लांबवायची, कधी तोडायची, हे यंत्रांचा वेग बघून ठरवण्याची जी रीत त्याने बसवली, तीच त्याच्या कामातली खरी नवी गोष्ट. निबंधात त्या मुदतीला एक ग्रीक अक्षर आहे. आमच्या प्रोग्रॅममध्ये तिचं नाव भात आहे. परदेशातून कोणीतरी पत्र पाठवून विचारलं होतं की हे कशाचं लघुरूप. सुधीरने त्यांना कळवलं, तांदळाचं. आमची नावं निबंधावर एकापुढे एक आहेत, त्याचं आधी. टाइप त्याने केलं, म्हणून आधी. जगाच्या हिशेबात आम्ही किस झाड की पत्ती, पण त्या एका विषयावर कुठे कोणी लिहिलं तर खाली तळटिपेत आम्ही दोघं अजून शेजारी शेजारी बसलेले असतो.

शनिवारी मी कॉलेजला गेले. मशिनं न्यायला कोण येणार ते विचारलं नव्हतं. टेम्पोतून काठी टेकत होतूभाई उतरले, बरोबर त्यांचे दोन कामगार.

"भाभी, ये तो मेराच माल है!" ते म्हणाले. मग टोपी काढली. "साहबचा ऐकला मी. यायला पायजे होता. गुडघे साथ देत नाय."

"बरं," मी म्हटलं.

"साहब लई मस्करी करायचा. बोलायचा, होतू, तेरा वो एक मशीन खराब नहीं निकलता तो मेरा नाम नहीं निकलता. बदलून दे कधी नाय बोलला." ते बाकावर बसले आणि डोळे पुसायला लागले. मी त्यांना पाणी आणून दिलं.

कामगार डबे उचलत होते. वायरी ओढल्या की धूळ उडायची. "एक ठेवा भाभी, यादगार," होतूभाई म्हणाले. मी नको म्हटलं. यंत्रं वर्षानुवर्षं बंदच होती. तरी शेवटचा डबा उचलण्याआधी मी त्यावर तळहात ठेवला. थंड होता.

डबे हलल्यावर मागची भिंत दिसली. तो डाग अजून होता. काळपट झाला होता, पण ओघळासकट होता. सोमवारपासून तिथे रंग लागणार.

बाहेर स्टाफरूमच्या दाराशी एक सहकारी भेटली. "मॅडम, सुट्टीतही कामात? बरं आहे हो, काम असलं की माणूस सावरतो." मी मान हलवली आणि तिथेच उभी राहिले. पौषापासून मी एक तास चुकवला नाही. पेपरांचे गठ्ठे सगळ्यांच्या आधी तपासून दिले. घरातले डबे घासून पुन्हा घासले. रोज सकाळी उठते ती पुरेपूर कामात असते, झोपेपर्यंत. लोक माझ्यावर तळहात ठेवतात आणि म्हणतात, तापलंय, म्हणजे चाललंय. आणि आत एकच चालू आहे. दाराशी पावलं वाजली की, लिफ्ट थांबली की, बाथरूमचा नळ सुटला की. आला का? आला का? आला का? मला तिथे उभ्या उभ्या फार थकल्यासारखं वाटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच थकवा कळला.

माणसाची बेरजेची ओळ कोणी ठेवत नाही. घरातून मी वजा, जुई वजा, खुर्च्या-भांडी वजा करत गेले तरी सुधीर परत मिळत नाही. त्याच्या कामाची ही मर्यादा निबंधात लिहायची राहिली.

संध्याकाळी घरी येऊन द्रोण फ्रिजमधून काढला. पानं सुकली होती, जांभळं मऊ पडली होती. एकेक करून खाल्ली. तुरट, जीभ जड होत गेली. आरशासमोर जाऊन जीभ काढली. जांभळी होती. मीच बघितली.

मग भात लावला. पौषापासून मी ओट्यापाशी उभी राहूनच जेवते आहे, पातेल्यातून, चमच्याने. जुई बंगळूरहून रोज विचारते, आई, जेवलीस का, आणि मी हो म्हणते. आज टेबल पुसलं. एक ताट घेतलं. कुकर उघडून भात परातीत काढला, वाफ वर आली, आणि मी समोर बसून राहिले. वाफ आधी जाड होती, मग बारीक झाली, मग दिसेनाशी झाली. मी भातावर तळहात ठेवला. कोमट. अजून थांबले. खाली कोणाची तरी स्कूटर आली, बंद झाली, जिन्यावर पावलं वाजली आणि वरच्या मजल्यावर गेली. पुन्हा हात लावला.

निवला होता. सुधीरनेही निवला म्हटलं असतं.

मी वाढून घेतलं. वरण घातलं, लिंबू पिळलं आणि पहिला घास घेतला. तेवढ्यात जुईचा फोन आला. डाव्या हाताने उचलला.

"आई, जेवलीस का?"

"जेवतेय," मी म्हटलं. "बसलेय. टेबलाशी."

आमच्या घरची पोर, तिला टेबलाचा अर्थ कळतो. ती हळूच म्हणाली, "एकटीच?"

"थांबले होते गं," मी म्हटलं. "निवला भात."

आणि मला रडू आलं. तोंडात घास होता, तो धड गिळता येईना. पलीकडे जुईही रडत होती. आम्ही दोघींनी फोन ठेवला नाही, कोणी कोणाला गप्प बस म्हटलं नाही. खूप वेळाने तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "आई, हात वाळला असेल तुझा. जेव आता." मी उरलेला भात जेवले, सगळा.

ताट घासून ठेवलं आणि लॅपटॉप उघडला. पहिलं वाक्य तसंच होतं. त्याच्याखाली दुसरं लिहिलं: 'एक जण गप्प झाला तर बाकीच्यांनी त्याच्यासाठी किती थांबायचं, आणि मग त्याचं काम वाटून घेऊन पुढे कसं जायचं, हे त्यांनी शोधून काढलं.'